घाटात उत्तम कोंडी कशी करावी

जोडून सुट्ट्या आल्या की मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर खालापूरचा टोलनाका ओलांडल्यावर गाड्या थांबतात आणि प्रत्येक गाडीत एकेक सिद्धांत जन्माला येतो. पुढच्या सीटवरचे काका म्हणतात, "पुढे अपघात झालाय." मागून मामी म्हणतात, "छे हो, कुणीतरी मंत्री चालला असेल." चालवणाऱ्याचा सिद्धांत एका शब्दाचा असतो : ट्रकवाले. कॉलेजात जाणारा भाचा फोनवरचा लाल नकाशा दाखवतो, पण त्यात कुणाचा दोष दिसत नसल्यामुळे कुणाला रस वाटत नाही.

पाऊण तासाने गाड्या सुटतात. काका माना वळवून वळवून बघतात. चेपलेली गाडी नाही, उलटलेला कंटेनर नाही, काचांचा चुरा नाही, शिट्टी वाजवणारा हवालदारसुद्धा नाही. रस्ता स्वच्छ मोकळा. काकांचा हिरमोड होतो. एवढं थांबलो तर निदान काहीतरी बघायला तरी मिळायला हवं होतं!

मग ही कोंडी केली कुणी? वाचकहो, तुम्ही केलीत. आज नसेल, मागच्या खेपेला केली असेल. तुम्हाला ती दिसली नाही, कारण ती तुमच्या मागे झाली आणि तोवर तुम्ही पुढे निघून गेला होतात. आजवर हे काम तुम्ही नकळत करत आलात, त्यामुळे त्यात म्हणावी तशी सफाई नाही. गेली नव्वद वर्षं जगभरचे अभियंते, गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ कोंडी कशी तयार होते याचा शोध घेत आहेत. ती टळावी असा त्यांचा हेतू होता, हे मान्य. पण विद्या कुणाच्या हातात पडेल ते सांगता येत नाही. होतकरू कोंडीकारांसाठी तिचं सार पुढे देत आहे.

सुरुवात वेळेपासून करावी. अमेरिकेतल्या ओहायोत ब्रूस ग्रीनशील्ड्स नावाच्या अभियंत्याने १९३०च्या दशकात रस्त्याकडेला कॅमेरा लावून गाड्यांचे फोटो काढले आणि हिशेब मांडला. रस्त्यावर गाड्यांची दाटी वाढेल तसा वेग उतरतो, हे त्यात दिसलं. ते कुणालाही कळतं. खरी गंमत पुढे आहे. दाटी वाढते तशी तासाला पार होणाऱ्या गाड्यांची संख्या आधी वाढत जाते, एका टोकाला पोचते आणि तिथून पुढे घसरू लागते. म्हणजे त्या टोकापलीकडे जो जो नवा येतो, तो तो पार होणाऱ्यांची संख्या कमी करतो. एका लेनमधून तासाला जास्तीत जास्त दोन हजारांच्या आसपास गाड्या जातात. आपल्याकडे एका दिशेला तीन लेन, म्हणजे सहा हजार. सहा हजारांचा आकडा एकाच तासात जमवायचा कसा, असा प्रश्न नवख्याला पडेल. त्यासाठी आदल्या रात्री घरात जाहीर करावं, "आपण पहाटे पाचला निघू, म्हणजे ट्रॅफिक लागणार नाही." ही घोषणा ठाण्यात, मुलुंडला, चेंबूरला, वाशीला एकाच रात्री घरोघरी होते आणि बाकीचं आपोआप होतं. कुणी "जेवूनखाऊन दुपारी निघू की" असं सुचवलं, तर त्याला आळशी म्हणून गप्प करावं.

रस्त्याला लागल्यावर पहिला नियम : मोकळी जागा दिसू देऊ नका. इथे घाट सोडला तर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवावं असं जाणते सांगतात. दोन सेकंद म्हणजे सुमारे ५५ मीटर! ठाण्यात एवढ्या जागेवर बिल्डर टॉवर उठवतो आणि तुम्ही ती तशीच सोडणार? पुढच्याच्या मागच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' स्पष्ट वाचता येईल आणि त्याखालचा बारीक अक्षरातला स्टिकर बनवणाऱ्याचा मोबाइल नंबरही लावता येईल, इतकं जवळ जावं. ह्यामागचं शास्त्र १९५०च्या दशकाच्या शेवटी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्कं केलं. पुढच्याने ब्रेक लावल्यावर मागच्याचा पाय हलायला एक-दीड सेकंद जातो. अंतर कमी असेल तर तो उशीर भरून काढायला त्याला पुढच्यापेक्षा जोरात ब्रेक दाबावा लागतो, तिसऱ्याला त्याहून जोरात. रांगेतल्या पहिल्याने नुसता पाय टेकवलेला असतो आणि विसाव्याची गाडी जागच्या जागी उभी राहते. अंतर भरपूर ठेवलं तर हाच धक्का वाटेत जिरून जातो, म्हणून अंतर ठेवणं कोंडीकाराला परवडत नाही.

आता कोंडी जाते कुठे ते पाहू. मँचेस्टरला जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम या दोन गणितींनी १९५५ मध्ये जोडीने दोन निबंध प्रसिद्ध केले. पहिला लांबलचक नद्यांमधल्या पुराच्या लाटांवर, दुसरा गर्दीच्या रस्त्यांवरच्या वाहतुकीवर. दोन्हींचं गणित एकाच जातीचं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पॉल रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा की गाड्या पुढे जातात, पण दाटीची लाट मागे जाते. नंतर जिथे जिथे मोजलं तिथे तिचा वेग ताशी १५ ते २० किलोमीटर निघाला, म्हणजे सायकलवरून रमतगमत जावं तेवढा. तुम्ही लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात "शेंगदाण्याची अर्धा किलो, काजूची पाव" सांगत असता, तेव्हा तुमची कोंडी घाट उतरून खोपोलीकडे निघालेली असते. निष्काम कर्मयोगाचं याहून शुद्ध उदाहरण मला माहीत नाही. कर्म तुमचं, फळ ज्याचं तोंडही तुम्ही पाहिलेलं नाही अशा माणसाचं.

कुणी म्हणेल, हे घाट, खड्डे, ट्रक, टोल यांच्या जिवावर चाललंय, यात आमचं कर्तृत्व काय? त्यांच्यासाठी नागोयाचा दाखला. जपानात युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटर घेराचं एक सपाट वर्तुळ आखलं, त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरने एकसारखे फिरत राहा. चढ नाही, सिग्नल नाही, ट्रक नाही, कुणाला कुठे पोचायचंही नाही. आणि चालक जपानी! थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्याचा त्याहून, आणि बघता बघता चार-पाच गाड्या ठप्प. ती गाठ वर्तुळावर उलट्या दिशेने फिरत राहिली. पुढून गाड्या सुटत होत्या, मागून येऊन अडकत होत्या, गाठ तशीच. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा 'अदृश्य कारणाची कोंडी' प्रयोगाने सिद्ध झाली. जपानी चालकाला सपाट मैदानात जमतं, तर बोरघाटात आपल्याला का जमू नये?

त्यासाठी विनाकारण ब्रेक लावण्याची सवय हवी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्या शास्त्रातला माझा आवडता भाग हाच. १९९२ मध्ये काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या दोन जर्मनांनी संगणकात एक रस्ता बांधला. साडेसात-साडेसात मीटरची घरं पाडली, प्रत्येक घरात एक गाडी किंवा काहीच नाही. नियम फक्त चार. एक, जमेल तेवढा वेग वाढवा. दोन, पुढच्याला धडकू नका. तीन, अधूनमधून काही कारण नसताना वेग एक पायरी कमी करा. चार, पुढे सरका. तिसरा नियम काढून टाकला तर त्या संगणकातल्या गाड्या शिस्तीत धावत राहतात. तो ठेवला की कुठूनही कोंड्या उगवतात, अगदी खऱ्यासारख्या. विज्ञानाने चारांतला एक अख्खा नियम खास तुमच्यासाठी राखून ठेवला आहे, याचा अभिमान बाळगा.

कारण नसलेल्या ब्रेकसाठी आपल्याकडे कारणं मुबलक आहेत. कमानीवर कॅमेरा दिसला की १२०वरून झटक्यात ८०वर यावं आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा १२० गाठावं. दोन्ही वेळा मागच्यांना व्यायाम होतो. बोगद्यात शिरताना आणि पावसाची सर आली की चारही इंडिकेटर लावून चालवावं, म्हणजे तुम्ही थांबलाय, वळताय की नुसते घाबरलाय हे मागच्याला कळत नाही आणि तो सावधगिरी म्हणून ब्रेक दाबतो. पावसाळ्यात घाटात धबधबा दिसला की वेग उतरवून मुलांना "तो बघा, तो बघा" म्हणावं. मुलं फोनमध्ये असतात, ती बघत नाहीत. त्यामुळे आणखी थोडं हळू जाऊन पुन्हा सांगावं लागतं. पलीकडच्या, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला अपघात झाला असेल तर मात्र सोन्यासारखी संधी. तुमच्या बाजूला काडीचा अडथळा नसताना, प्रत्येकाने तीन-तीन सेकंद मान वळवून बघितलं तरी एक अपघात दोन्ही बाजूंना पुरतो.

लेन बदलण्याविषयी थोडक्यात. शेजारची लेन नेहमी जास्त वेगाने जाते, हा तुमचा अनुभव खोटा नाही आणि खराही नाही. डोनाल्ड रेडलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९९ मध्ये दाखवलं की दोन्ही लेनचा सरासरी वेग अगदी सारखा असला तरी शेजारची लेन आपल्याला वेगवान वाटते. तुम्ही पुढे जाता तेव्हा गाड्या दाटीत उभ्या असतात, दहा गाड्या चुटकीसरशी मागे पडतात. त्या तुम्हाला ओलांडतात तेव्हा विरळ असतात, एकेक करत जाताना बराच वेळ लागतो. शिवाय मागे टाकलेला माणूस दिसेनासा होतो, पुढे गेलेला डोळ्यांसमोर राहतो. हे वाचून कुणी आपल्या लेनमध्ये स्वस्थ बसेल अशी भीती मला वाटत नाही. तुम्ही घुसायचं, तिथला ब्रेक लावेल. लगेच परत यायचं, इथलाही लावेल. एका माणसात दोन लेन थांबवता येतात. सरावाने तिसरीही जमते.

घाटाचा स्वतःचा वाटा विसरून चालणार नाही. आडोशीच्या बोगद्याजवळ जुना मुंबई–पुणे रस्ता एक्स्प्रेसवेला येऊन मिळतो आणि खंडाळ्यापर्यंत सोबत चालतो. सहा पदरी अधिक चार पदरी, बरोबर सहा पदरी. हे अंकगणित बोरघाटाखेरीज कुठे शिकवत असतील असं वाटत नाही. त्यात चढ. भरलेला ट्रेलर पहिल्या गिअरमध्ये कण्हत चाललेला, त्याच्याहून दोन किलोमीटरने जलद असलेला दुसरा ट्रेलर त्याला ओव्हरटेक करतोय, आणि त्या दोघांच्याही बाहेरून तिसऱ्या लेनमध्ये ट्रॅव्हल्सची बस. अवजडांनी डाव्या लेनमध्ये राहावं असं फलक सांगतो. फलक तिथे कोण वाचतं, मी तर माझ्यापुढच्याचा स्टिकर वाचत असतो. अशा जागी एकदा रांग लागली की आणखी एक चमत्कार होतो. कोंडीआधी तासाला जेवढ्या गाड्या पार होत होत्या, तेवढ्या कोंडी झाल्यावर होत नाहीत. साधारण पाच ते पंधरा टक्क्यांची घट येते. म्हणजे कोंडी स्वतःचं पोट स्वतः भरते. तुम्ही फक्त सुरुवात करून द्यायची.

पूर्वी याचा ठपका अमृतांजन पुलावर ठेवता येत असे. १८३०चा तो पूल, त्याच्या खांबांमधून रस्ता चेपत जायचा, म्हणून २०२०च्या एप्रिलमध्ये लॉकडाउनने रस्ता रिकामा असताना तो पाडला. त्यानंतर कोंड्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागलं. राहिल्या.

दोन रस्ते एकत्र येतात तिथे एकाआड एक गाडी सोडायची असा रिवाज काही देशांत आहे. जर्मनीत तर तो कायद्यातच आहे. आपण तिथे नाक घुसवावं. ज्याचं नाक आधी त्याची लेन. हमरस्त्यावर चढणाऱ्या गाड्या थोपवून, थोड्या थोड्या सोडायच्या, असं कुणी सुचवू लागला की त्याला लोकशाहीविरोधी ठरवावं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत हमरस्त्यावर चढण्याच्या वाटांवर असे सुमारे ४३० सिग्नल होते. लोकांना ते बोचत होते. आपला रस्ता, आणि आपल्यालाच थांबवतात! २००० साली विधिमंडळाच्या हुकुमाने ते सहा आठवडे बंद ठेवले. हमरस्त्यावरून पार होणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या आणि प्रवासाला २२ टक्के जास्त वेळ लागू लागला. मग बरेचसे सिग्नल मुकाट्याने पुन्हा लावले. सुट्टीच्या दिवशी आपले महामार्ग पोलीस मुंबईकडे येणाऱ्यांना घाटाच्या वर थोपवून सगळ्या लेन पुण्याकडे सोडतात, तेव्हा थोपवलेल्यांनी हॉर्न वाजवून लोकशाही जागी ठेवावी.

विद्वानांचंही आपसात पटत नाही, हे तुमच्या फायद्याचं आहे. बोरिस केर्नर म्हणतात, वाहतुकीच्या अवस्था दोन नसून तीन आहेत : मोकळी, सगळ्या लेन एकाच मंद चालीने जाणारी, आणि सरकती कोंडी. जुन्या सिद्धांतांतली रस्त्याची ठरीव क्षमता वगैरे त्यांना मान्य नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीचे कार्लोस दागांझो आणि मंडळी म्हणाली, नव्या अवस्थांची गरज नाही, कुठेतरी अरुंद जागा शोधा, तिने सगळं समजतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून हा वाद धुमसतो आहे. त्यामुळे पोलिसांनी पकडलंच तर "आपण कोणत्या सिद्धांतानुसार बोलताय?" असं विचारायला हरकत नसावी.

आता दीर्घ पल्ल्याचं काम. रस्ता रुंद करण्याची मागणी सतत लावून धरा. हा एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या सहा लेन लोकांना उधळपट्टी वाटल्या होत्या. आठ पदरी करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा 'आठाने काय होतंय' हा सूर लागला. अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की शहरी हमरस्त्यावरची ऐन वेळेची गर्दी रस्त्याच्या क्षमतेएवढी होईपर्यंत वाढतेच. मोकळ्या रस्त्याची बातमी फुटली की वेळ बदलून जाणारे, दुसऱ्या वाटेने जाणारे, रेल्वेने जाणारे सगळे परत येतात. २०११ मध्ये जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासले, तर लेन जितक्या प्रमाणात वाढल्या जवळजवळ तितक्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढलेली निघाली. टेक्सासमध्ये ह्यूस्टनचा केटी फ्रीवे काही ठिकाणी बाजूच्या रस्त्यांसकट २६ लेनचा केला आणि काही वर्षांत तिथे पुन्हा थांबायची सोय झाली. आपण सव्वीसवर पोचेपर्यंत मागणी सोडू नये. 'रेल्वेच्या फेऱ्या वाढवा' असं चुकूनही म्हणू नये, सिंहगड एक्स्प्रेसला जागा मिळाली तर एवढी मेहनत वाया जाईल.

धोका एकाच प्रकारच्या माणसापासून आहे. तो मधल्या लेनमधून ऐंशी-पंच्याऐंशीने चाललेला असतो. पुढे भरपूर जागा. तुम्ही ती जागा बळकावता, तो पाय किंचित सैल करतो आणि पुन्हा तेवढीच जागा सोडतो. पुढे लाल दिवे लागले की ब्रेक न दाबताच हळू होतो आणि तो पोचेपर्यंत पुढचे सुटलेले असतात. अ‍ॅरिझोनात नागोयाचाच खेळ पुन्हा मांडला होता, वीस-बावीस गाड्या वर्तुळात, लाटा उठलेल्या. त्यात एकच गाडी संगणकाच्या ताब्यात देऊन तिला असं सम चालीने चालवलं, तर सगळी कोंडी विरघळली. २० जणांची मेहनत एकाने पाण्यात घातली. लंडनभोवतीच्या एम-२५ वर तर सरकारच फितूर झालंय : १९९५ पासून गर्दी वाढली की फलकावरची वेगमर्यादाच खाली आणतात, म्हणजे सगळेच एका चालीने जातील आणि कोंडी लांबणीवर पडेल. असा माणूस पुढे दिसला की डिपर मारा, हॉर्न द्या, डावीकडून कट मारून त्याच्यापुढे जा आणि ब्रेक दाबा. काच खाली करून "चालवता येत नसेल तर घरी बसा" हे वाक्यही टाकता येईल.

एवढं सगळं करून कोंडी सुटू लागलीच, तर शेवटचा उपाय तुमच्या हातात आहे. उभ्या रांगेत एका गाडीमागे साडेसात मीटर जागा जाते. पुढची हलल्यावर मागची हलायला दोन सेकंदांच्या आतबाहेर लागतात. साडेसात मीटर, दोनाला किंचित कमी सेकंद, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. रांग सुटण्याची लाट मागे जाते ती या वेगाने आणि लेनमधून तासाला अठराशे-दोन हजार गाड्या बाहेर पडतात. तुम्ही दोनाऐवजी चार सेकंद घ्या. तुमच्यासारखंच सगळ्यांनी केलं तर तासाला नऊशेच सुटतील आणि सुटण्याची लाट ताशी पावणेसातवर येईल. मागून येणारे तर त्याच जोमाने येऊन रांगेला लागत राहणार. चार सेकंद म्हणजे काही फार नाही. पुढची गाडी हलली? हलू द्या. वेफर्सचं पाकीट मागच्या सीटवर द्या, बाटलीचं झाकण नीट फिरवून लावा, ग्रुपवर आलेला व्हिडिओ संपू द्या, मग पहिला गिअर शोधा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या, त्याला काय कळतंय.